आणि साथीदार

प्रिय आप्पा,

शाळेत 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं, पण मी शाळेत किती टिकलो ते तुम्हाला ठाऊक आहे. मनात आलं तसं लिहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, सावकाश लावून वाचा. आई फोनवर म्हणाली, तुम्ही हलगीचं कातडं कापून काढलंत आणि नुसतं कडं गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवलंत. "जन्मभर वाजवलं ते वाऱ्यावर गेलं," असं म्हणालात म्हणे. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

इकडची बातमी अशी, की आमची कंपनी बुडाली. एका सकाळी सोनापूरच्या कॅम्पवर, म्हणजे आम्ही कामगार राहतो तिथं, कामावर न्यायची बस आलीच नाही. मालक देश सोडून गेला असं दुपारी कळलं. दुबईतल्या अर्ध्या क्रेन नुसत्या उभ्या आहेत. मला कुठं स्वस्थ बसवतंय! जबल अलीत गोदामात खोकी उचलली, तिथंही थोड्या दिवसांनी खलास म्हणाले. आता शारजाला, अल मजाजच्या टॉवरखाली गाड्या धुतो. तिथं शैलेंद्र साहेब म्हणून पुण्याचे आहेत. माझ्याशी हिंदीच बोलायचे. एकदा दारात बोट चेमटलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं, तर म्हणाले, "अरे, मराठी तू? मग इतके दिवस माझं हिंदी का ऐकून घेतलंस?" तेव्हापासून वरून चहा यायला लागला.

त्यांचा पोरगा अंकुर इथंच वाढलेला. मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. खाली येऊन गाडीत बसतो आणि अमेरिकेतली ती गाणी लावतो, ज्यात गाण्यापेक्षा भांडल्यासारखं भराभर बोलतात. मी मागचं चाक घासत होतो, आणि आप्पा, गाडीतून तुम्ही वाजायला लागलात.

मला भास झाला म्हणू नका. गुऱ्हाळाच्या चरकात तुमचं डावं बोट चेंगरलं तेव्हापासून डाव्या हातातली बारीक काडी शेवटच्या ठोक्याला केसभर मागून येते. तसं दुसरं कुणी वाजवत नाही. मी किती खटपट केली, मला जमलं नाही. माझी सगळी बोटं धड आहेत ना. कोल्हापूरच्या स्टुडिओत तो संगीतवाला काचेमागून ओरडलेला आठवतंय? "तो बोटवाला बदला, काडी मागं पडतेय!" बदली माणूस मिळाला नाही म्हणून तुम्ही राहिलात. पुढं कॅसेट घरी आली. कव्हरवर गायिकेचा फोटो, कवीचं नाव, संगीतवाल्याचं नाव, अगदी स्टुडिओच्या मालकाचंसुद्धा. सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'. तुम्ही त्यावर तेच चेंगरलेलं बोट ठेवलंत आणि मला म्हणालात, "हे बघ, हा मी." लग्नांत सगळ्या पंगती उठल्यावर आपल्याला वाढायचे, तेव्हाही तुमचा चेहरा मी इतका पडलेला पाहिला नव्हता, आणि इतका उजळलेलाही कधी नाही.

मी ओल्या हातानं काच वाजवली. अंकुर म्हणाला, "सॅम्पल है ब्रो, ओल्ड इंडियन टेप. नोबडी नोज हू." जुन्या टेपचा तुकडा कापून नव्या गाण्यात लावतात, त्याला सॅम्पल म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "मेरा बाप है." तो आधी खो खो हसला. मग मी ब्रशच्या दांड्यानं बादलीवर चाल धरली आणि गाण्यातली काडी यायच्या आधी दर वेळी बोट वर करून दाखवलं. मग नाही हसला. गाणं परत लावलं, परत लावलं. म्हणाला, अमेरिकेतही असे ड्रमवाले होऊन गेले. त्यांनी वाजवलेल्या चार-दोन सेकंदांवर पुढं शेकडो गाणी उभी राहिली, लोक नाचले, गाणारे मोठे झाले. वाजवणारा कोण ते कित्येकांना माहीतच नाही. आणि म्हणे त्यांची खुबी त्या जरासं मागं राहण्यातच. आप्पा, मी बघत होतो. तुमची काडी यायची, तिथंच त्या पोराची मान खाली जायची. ज्याला तो संगीतवाला चूक म्हणाला, तेवढंच अमेरिकेनं उचललं.

"नाव टाकतील का त्यांचं?" मी विचारलं. त्यानं विचारलं, "प्रूफ है?" कॅसेट तर पुरात गेली. आणि असती तरी काय दाखवलं असतं? साथीदार! तो "सॉरी, भैया" म्हणाला.

साहेबांची नोकरीही गेली. सगळे पुण्याला परत गेले. गाडी शेवटची धुतली ती विकत घेणाऱ्यासाठी. जाताना अंकुरनं ते गाणं कार्डात भरून एका छोट्या स्पीकरसकट माझ्या हातात दिलं. "टेल हिम टु लिसन," म्हणाला. मी मान हलवली. स्पीकर खिशात टाकला.

हल्ली फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" करता. मी कंपनी बुडाल्याचं सांगितलं तेव्हाही हसत "हां" म्हणालात. शेवटी आई रडली आणि बोलली, की दोन्ही कान गेलेत, मशीनचाही उपयोग नाही, आणि अनिलला कळवू नको, तो सगळं टाकून पळत येईल, असं तुम्हीच बजावलंत. म्हणून हे पत्र. माझ्या खोलीतला मिरजेचा खैरुद्दीन कायमचा घरी निघालाय, तो स्वतः आणून देईल. स्पीकरला एकच बटण आहे, आईला दाबायला सांगा. मग तो कानाला लावू नका. हलगी धरायचात तसा डाव्या बाजूला छातीशी घट्ट धरा आणि डोळे मिटा. शेवटचा ठोका जरा मागून येईल. तो छातीला लागला, तर आईला म्हणावं, अनिलला मिस कॉल दे. बोलायचं काही नाही. मी उचलणारही नाही, नुसता वाजू देईन.

तुमचाच,
अनिल