उभ्यानं जाणारी माणसं

११ एप्रिल

लिहायचं टाळत होतो. पेन हातात घेतलं की चहाची तलफ येते. काल तर छावणीच्या बाजारात उगाच चपला बघत फिरलो. घ्यायच्या नव्हत्या! पण आज लिहितो. नाहीतर डोक्यात नुसतं गरगरत राहतं.

दादाला लकवा मारला. इंद्रजीत, माझा सख्खा भाऊ. वय छत्तीस. वाळूजला कंपनीत मशीनवर आहे — होता? — काय लिहायचं तेच कळत नाही.

झालं असं. मागच्या रविवारी दादा राजेंद्रच्या सलूनात गेला. कटिंग, दाढी, चंपी, आणि शेवटी मान मोडायची. डावीकडं कट्, उजवीकडं कट्. कित्येक वर्षं राजेंद्रच मोडतो. त्या रविवारीही मोडली. दादा उठला, खिशात हात घातला आणि हात खिशातच राहिला. बाहेर येईना. राजेंद्रला वाटलं, मस्करी चाललीये. मग तोंड वाकडं झालं.

मी तेव्हा नाशिकला. द्राक्षाच्या पॅकिंगचं काम धरलं होतं, ते सोडून एका बँडवाल्यांच्या टेम्पोत... जाऊ दे, ते वेगळंच आहे. वहिनीचा फोन आला. आलो.

१२ एप्रिल

उजवा हात गेला. पाय निम्मा गेला. बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय — "थांब." पाणी हवं तर थांब. दुखलं तर थांब. रडू आलं तरी थांब. डॉक्टर म्हणतात, काहींचं असं होतं, एखादाच शब्द अडकून राहतो.

डॉक्टर म्हणजे करुणा मॅडम. माझ्याहून फार मोठ्या नसतील. पडद्यावर दादाची मान दाखवली. मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी, दोन बाजूंना दोन. बहुतेकांची बऱ्यापैकी सरळ जाते. दादाची डावी नळी कवटीत शिरायच्या आधी एक अख्खा वेढा घेते. जिलबी! झटक्यानं तिथंच आतलं अस्तर फाटलं, गुठळी झाली, वर गेली.

राजेंद्र पण आला होता, भिंतीला टेकून. "मॅडम, मी मारलं का हो याला?" मॅडम म्हणाल्या, "मान मोडायला नकोच होती. पण रोज शेकड्यानं मोडतात, सगळ्यांना होत नाही. याची नळीच वळणाची आहे. जन्मापासून."

नळीला वळणं किती, फाटा कुठं फुटतो, हे बरंचसं आईबापाकडून येतं म्हणे. नाकासारखं. फक्त नाक दिसतं, हे दिसत नाही. बाकी मग तंबाखू, बीपी, वय. मग त्यांनी विचारलं, "वडील कसे गेले?"

मी सांगितलं. बापू बैल सोडता सोडता पडले. एकेचाळीस वय. गावात म्हणाले, अंगावरून वारं गेलं. आजा पण असाच, पंगतीत वाढता वाढता.

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, वडिलांकडचे जे असतील त्यांची मानेची सोनोग्राफी करून घ्या. सुई नाही, काही नाही. नळी सरळ करता येत नाही, पण कळलं तर जपता येतं. मानेला झटका द्यायचा नाही, तंबाखू बंद, आणि तोंड जरा वाकडं वाटलं, हात जड झाला की घरी लिंबू चोळत बसायचं नाही, पळत यायचं.

वडिलांकडचे म्हणजे सोयगावला कारभारी काका आणि त्यांची पोरगी मेघा. मेघाचं अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लग्न आहे.

आणि मी.

१३ एप्रिल

डाव्या कुशीवर झोपलं की माझ्या कानात वाजतं. धप्-हुश्, धप्-हुश्. लहानपणापासून. मला वाटायचं सगळ्यांनाच वाजतं. आज वहिनीला सहज विचारलं. ती म्हणाली, "मला नाही वाजत. हे म्हणायचे, उशीत कुणीतरी मोटार चालू ठेवलीये."

१४ एप्रिल

सोयगावची गाडी धरायला निघालो. क्रांती चौकात जयंतीची मिरवणूक! निळाच निळा चौक, डीजे, बायका कडेवर लेकरं घेऊन नाचतायत. रिक्षावाल्यानं हात जोडले, "भाई, यहीं उतरो, आगे नक्को." उतरलो. शाळेतला एक दोस्त भेटला. सरबत पाजलं, आत ओढलं — "नाच बे!" नाचलो. मस्त नाचलो. मान झटकून झटकून. आणि मधेच आठवलं. उभा राहिलो. लोक धक्के देऊन पुढं चालले आणि मी मानेला हात लावून चौकात उभा!

सोयगाव राहिलं.

१७ एप्रिल

वहिनीनं स्वतःची सोनोग्राफी करून घेतली. कुणाला न सांगता. करुणा मॅडम मला म्हणाल्या, "अरे, यांना कशाला पाठवलं? यांचा काय संबंध?" वहिनी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना वडिलांकडचे. मी आता याच घरातली. माझं कूळ हेच." मॅडमना हसू आलं, त्यांनी ते आवरलं. "तनुजाताई, लग्नानं आडनाव बदलतं. नळी नाही बदलत."

वहिनीची मान एकदम सरळ. बाहेर बाकावर बसून खूप रडली. मी म्हणालो, चांगलंच आहे की! तर म्हणाली, "तुला नाही कळायचं. मी यांच्यातली नाहीच, असं वाटलं."

मग डोळे पुसून माझ्यावरच आली. "मेघाला लग्नाआधी सांग. एकदा सासरी गेली की तिला कोण नेतंय मान तपासायला?"

१९ एप्रिल

सोयगावला जाऊन आलो. एकदाचा!

दारात मांडव घालायचं चाललेलं. काकानं बघितल्याबरोबर सुरू केलं, "या! कुठल्या गावचं पाणी पिऊन आलास? धंदा काय हाय सध्या?" मी सांगितलं, दादाचं असं असं, डॉक्टर असं म्हणतायत, तुम्ही आणि मेघा एकदा चला. काका जोरात हसला. "मंग आता माना मोजायचा धंदा काढला व्हय!" मांडववाले पण हसले.

अंगणात ठिबकच्या नळीचं भेंडोळं होतं. मी एक तुकडा घेतला, पीळ देऊन वेढा करून दाखवला. बघा काका, असं आहे आत. काकानं नळी हिसकावली, सरळ केली, फेकली. "झाली सरळ. दादाला सांग." मग एकदम आवाज चढला. "आरं, आपल्या घरातली माणसं उभ्यानं जातेत! कुणी अंथरूण धरलं नाय आजवर. तुझा बाप उभ्यानं गेला, माझा बाप उभ्यानं गेला. गावात नाव हाय त्याचं. तुझा भाऊच तेवढा लोळत पडला — दवाखान्यात नेला म्हून!"

लहानपणापासून ऐकतोय हे. उभ्यानं जाणारी माणसं. शेजारीपाजारी पण म्हणायचे, पुण्याई लागते असं मरण यायला. आज पहिल्यांदा अंगावर काटा आला. पुण्याई कसली! जिलबी.

म्हणालो, तुमचं राहू द्या, मेघाचं तरी करा. काका म्हणाला, "मेघीचं काय? आखाजीला अक्षता पडल्या की कूळ बदललं तिचं. मंग काय आसंल ते त्येंच्या घरचं. आन् नवरदेवाकडं कळलं की पोरगी दवाखान्यात दाखवली, तर? लोक काय बी लावतेत."

भागूबाई काकू कुरडया उचलता उचलता म्हणाली, "उन्हाची अंधारी येती तिला जराशी. पोरीच्या जातीला येतीच."

म्हणजे येते!

मेघा चहा घेऊन आली तेव्हा मी कानातलं सांगत होतो, धप्-हुश्. काका म्हणाला, "भूत शिरलं आसंल." सगळे परत हसले. मेघा नाही हसली. कप माझ्या हातात देऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "चहा गार होईल, सुदर्शनदादा." आणि आत गेली.

२० एप्रिल

काकाचा वहिनीला निरोप. त्याला हळदीला पाठवू नका. अपशकुनी बोलतो.

२३ एप्रिल

आज माझी सोनोग्राफी होती. वहिनीनंच नंबर लावला. बाकावर बसलो. समोरचा म्हातारा आत गेला, मानेवरचा चिकट लेप पुसत बाहेर आला. मग आतून आवाज — "सुदर्शन कौन है? चलो!" उठलो. दाराच्या उलट दिशेनं चाललो. "ओ भाय! किधर?"

पैठण. बसमध्ये बसल्यावर कळलं की पैठणच्या बसमध्ये बसलोय.

२५ एप्रिल

पैठणला धरणावर बसून राहिलो. लांब चोचीचे पक्षी चिखलात मान घालून उभे. काय त्या माना! आत नळी कशी असेल? एका मासेवाल्याला मदत केली, त्यानं जेवू घातलं. रात्री घाटावर झोपलो. डाव्या कुशीवर नाही.

परत आलो तर वहिनी ओरडली नाही. नुसती म्हणाली, "सोयगावला शहाणपण सांगायला गेलास. स्वतःचं?" यापेक्षा ओरडली असती तर बरं.

दादाला आता घरी आणलंय; राजेंद्र त्याची दाढी करायला येतो. हनुवटीखाली आला की वस्तरा खाली ठेवतो, परत उचलतो. सलूनात आता कुणाचीच मान मोडत नाही म्हणे. गिऱ्हाइकं चिडतात, शेजारच्या दुकानात जातात.

२८ एप्रिल

दादाला मेघाची लग्नपत्रिका दाखवली. वाटलं, बरं वाटेल. बराच वेळ बघत बसला. मग डावा हात उचलला, स्वतःच्या मानेवर ठेवला. मग तेच बोट पत्रिकेवर. मेघाच्या नावावर. "थांब," म्हणाला. "थांब. थांब. थांब." तोंडातून लाळ येईपर्यंत.

मेघाला फोन लावला. काकानं उचलला. "हळद लागली तिला. आता वेशीबाहेर पाय नाय टाकायचा, आन् फोन बी नाय घ्यायचा. तू परत लावू नको." मागं बायकांची गाणी चालली होती.

दादा विचारल्यासारखं बघत होता. मी सांगितलं, सांगितलंय, जाणारेत ते. खोटं. त्याला कळलं.

२९ एप्रिल

मेघा आली.

एकटी, सकाळच्या एसटीनं. हाताला हळद तशीच, वर स्कार्फ गुंडाळलेला. वहिनीनं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. उद्या लग्न! काकाचे फोनावर फोन येतायत, तिनं फोन उलटा करून ठेवलाय. दादाच्या पायांशी बसून होती. मग माझ्याकडं वळली.

"उशीत मला पण वाजतं. तुझं काय निघालं?"

"केलं नाही अजून."

 मग उठली.

"चप्पल घाल," म्हणाली.