यंदाच्या गोळ्या कुणासाठी?

प्रिय ऑरिन,

बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातला उरलेला शिशाचा डाख आज वितळवला आणि त्याच्या लगडी ओतल्या. दरवर्षी तुझ्या बंदुकीच्या गोळ्यांसाठी हे करताना तू शेजारी बसून चिडवायचास, "मास्तरीणबाई, मळी नीट काढा, नाहीतर हरीण हसून मरेल!" यंदा फोनवर एवढंच म्हणालास, "ताई, पायरीवर ठेव आणि जा."

मी हो म्हटलं. नंतर कळलं, यंदा तू शिकारीचा परवानाच काढलेला नाहीस. तू कामाला होतास ती खाण बंद झाल्यापासून दार लावून बसतोस. आता कुत्राही देऊन टाकलास. मग या गोळ्या कुणासाठी? विचारायला मी घाबरले. न विचारणं म्हणजे होकारच, नाही का?

हे पत्र टाकत नाही. ते पोचेपर्यंत मला धीर धरवणार नाही. लगडी इथेच ठेवून निघते आहे. तू दार उघडेपर्यंत तुझ्या पायरीवर मी बसून राहीन.

तुझी ताई,
व्हर्ना