दहा पावले पुढे चालणाऱ्या दादासाठी

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय वर्षे एकावन्न, धंदा बायकांच्या चपला-सँडल बनवणे, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते राजीखुशीने लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचे दडपण नाही, आजारही नाही. उलट सकाळपासून उगाचच हसू फुटते आहे, तेव्हा अक्षर वाकडे आल्यास हात थरथरला असे समजू नये.

बत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बाईच्या कपड्यांत घराबाहेर पडले. त्याआधीही मी बाईच होते, पण फक्त घरात. तेव्हापासून बाहेर जाणे हा माझा छंद आहे. पाव किलो साखर हवी असली तरी मी दोन दुकाने सोडून तिसऱ्यात जाते.

कलम १. शिलाई मशीन, हातोड्या, रापी आणि सगळे लाकडी साचे माझी दुकानातली भागीदार, निवृत्त कंडक्टरबाई, हिला द्यावेत. कारण असे. त्या पहिल्या दिवशी मी बसच्या दारातच थिजले होते. आतून ही ओरडली, "ओ ताई, दारात काय खांब रोवलाय? पुढे सरका की." सगळी बस माझ्याकडे वळून बघत होती आणि मी मात्र हवेत होते. ताई! त्या नादात तीन थांबे पुढे जाऊन उतरले. परत चालत येताना दोन्ही टाचा सोलून निघाल्या, कारण बायकांच्या सँडलमध्ये दहा नंबर मिळत नसे आणि मी पाय आठ नंबरात कोंबला होता. दुसऱ्या दिवशी पुरुषांचे बूट शिवणे बंद केले आणि स्वतःसाठी दहा नंबर शिवला. पहिले गिऱ्हाईक कंडक्टरबाईच. तिचाही पाय दहाचा निघाला. दहा नंबरचा साचा विकू नये, तो माझ्या पायावरून केलेला आहे.

कलम २. दुकानातला बुटका आरसा, ज्यात गुडघ्यापर्यंतच दिसते, तो समोरच्या थांब्यावरून माझ्याकडे टक लावून बघणाऱ्या मंडळींना सामायिक. इतकी वर्षे माझ्या चेहऱ्याकडे वर बघून त्यांच्या माना अवघडल्या असतील, आता जरा खाली बघावे.

कलम ३. माझे जुने नाव दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला. कार्डावर नवे नाव असूनही ती जुनेच पुकारते, आणि तेही तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असे. मला ते लागत नाही. तिला एवढे आवडते तर तिने ठेवून घ्यावे.

कलम ४. टाचण्यांची डबी मोठ्या कापड दुकानातल्या विक्रेत्या बाईंना. त्या म्हणाल्या होत्या, "जेंट्स वरच्या मजल्यावर." मी खालचाच एक जांभळा ड्रेस उचलून वर गेले, तो घातला आणि त्यांच्या रुंद जिन्यावरून एकेक पायरी सावकाश खाली आले. हँगर हातात धरून माणसे जागच्या जागी उभी. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "कमरेत सैल होतोय. थांबा, पिन लावते." मला तिथेच त्यांची पापी घ्यावीशी वाटली, पण पिन टोचली असती.

वाईट दिवसही होते. ते मी कोणालाच ठेवलेले नाहीत.

कलम ५. माझी शेवटची बाहेर जाण्याची वेळ येईल तेव्हा मला तोच जांभळा ड्रेस आणि लाल सँडल घालावेत. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या कपाटात माझ्यासाठी निळ्या रेघांचा एक पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. "वेळेला लागेल," असे तो वहिनीला म्हणाला होता. ही वेळ कोणती ते मला कळते. तो शर्ट माझ्या अंगाला लागता कामा नये. मला दुसऱ्या कशाचीच भीती वाटत नाही, याचीच वाटते.

कलम ६. दुकानावरच्या दोन खोल्या दादाला. त्याचा घरमालक दरवर्षी नोटीस पाठवतो. रस्त्यात दादा माझ्यापुढे दहा पावले चालतो. विचारले तर म्हणतो, "पुढे कोणी टवाळ आहे का ते बघतो." एकोणीस वर्षे बघतो आहे. तरीही घर त्यालाच.

वरील मजकूर मी रविवारी दादाला वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून सही करायला येशील का, एवढे विचारून मी निघून आले.

पुरवणी, वकीलबाईंच्या कचेरीत, आज. दादा आला. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. घर तरी घ्या, नाहीतर सही तरी करा." मी घाईघाईने म्हटले, "दादा, तू घर घे. सही झेरॉक्सवाल्या काकू करतील."

दादा म्हणाला, "घर राहू दे. पेन दे इकडे."

मग मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आले आणि वकीलबाईंनी पाणी मागवले. कलम ६ मध्ये "दादाला" खोडून "वहिनीला" लिहिणार होते, पण साक्षीदाराची बायकोही बाद, असे कळले. म्हणून घर भाचीला, म्हणजे दादाच्या लेकीला. तिने बापाला खिडकीजवळची जागा द्यावी.

स्थळ: वकीलबाईंची कचेरी, पंख्याखालचे टेबल. दिनांक: आज, मंगळवार, दुपारचे सव्वातीन.

(सही. रकान्याबाहेर गेली आहे, चालवून घ्यावे.)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकू. सही.

साक्षीदार पहिला, स्वतःच्या अक्षरात: वरील सही माझ्या धाकट्या बहिणीने माझ्यासमोर केली. तिची बुद्धी शाबूत आहे, बडबड जास्त आहे. कलम ५ मधला शर्ट आज मी स्वतःच घालून आलो आहे. पोटावर ताणतो, पण आता मीच वापरीन. थोरला भाऊ. सही.