‘होती’ लिहायचं नाही

सर, आज तुमच्या शिष्यवृत्तीची सभा झाली. तुमच्या शुक्रवार पेठेतल्या घराचं भाडं तुम्ही गेल्यापासून दर वर्षी रशियन शिकणाऱ्या एकाला मिळतं. यंदा एकच अर्ज होता, तेलुगू विणकराच्या मुलीचा. मीच तिला शिकवतो. बाहेर पायरीवर साध्या वेशातला पोलीस बसला होता. इंग्रजांचा मार्शल लॉ येऊन गेल्यापासून, बोल्शेविक ठरायच्या भीतीनं, गावात रशियन हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही चहा उकळताय, मी पाटावर. ज्वारीच्या डब्याकडं बोट दाखवून विचारता, हे काय? मी रशियनमध्ये ‘हा डबा आहे’ म्हणतो आणि तुम्ही पळी आपटता. “पुन्हा ‘आहे’! डबा समोर दिसतोय ना? त्या भाषेत वस्तू मोडली, माणूस गेला, की मगच हे क्रियापद लागतं. होता. होती.” मी नातेपुत्याचा, ‘हाय’ म्हणत वाढलेला. ते जिभेवरून जायला वर्ष गेलं.

सभेत अध्यक्ष वकीलसाहेबांनी मुलीला विचारलं, “जड नाही जात?”

“न्हाई की. एतो दोम, हे घर. आमच्या तेलुगूत पण तसंच. इदि इल्लु. आहे-बिहे काय नसतंय.”

“मग तेलुगूलाच देऊ की शिष्यवृत्ती!” सगळे हसले. तुम्ही उठून तिला चहा दिला असता.

तिला बाहेर पाठवून त्यांनी ठरावाचा मजकूर सांगायला घेतला. चिटणीस मी. “लिहा. ही शिष्यवृत्ती रशियनसाठी होती. यापुढं फ्रेंचसाठी.”

मी टाक खाली ठेवला. “होती लिहिणार नाही.”

“मास्तर, सरकारी शाळेत आहात ना?”

“आहे.”

“तुमच्या सरांच्या मृत्युपत्राप्रमाणं चिटणिसाची सही पुरते. करा एकट्यानं. उद्या चौकशी आली तर आम्ही त्यात नव्हतो.”

केली. मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. पायरीवरच्या माणसानं बिडी विझवून माझं नाव विचारलं. घर कुठं, तेही विचारलं. सांगितलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहवतं. सभेत मी ताठ होतो. घरी आलो आणि टोपीही न काढता तुमचं रशियन व्याकरण ज्वारीच्या डब्यात तळाशी खुपसलं. हात कोपरापर्यंत धुळीनं पांढरा झाला. बायको दारात उभी.

“अहो, डब्यात काय हाय?”

“ज्वारी,” मी म्हणालो.