फेन्या लुबर्स हिच्या नावापुढील ‘बाहेरून मदत’ हा शेरा काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्पर्धा व परीक्षा समिती,
जिल्हा अश्वारोहण संघ, ब्रुकेनमोअर,
लोअर सॅक्सनी

विषय : उन्हाळी ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) स्पर्धेत घोडी केकच्या टेबलापाशी आल्याच्या प्रकारात बालस्पर्धक फेन्या लुबर्स, वय अकरा, हिचा दोष नसल्याबाबत, व तिला शरद ऋतूतील बिल्ला-परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : समितीचे पत्र, ज्यात अर्जदाराचा उल्लेख ‘आवाजाने मदत करणारी बाहेरील व्यक्ती’ असा आहे.

महोदय,

१. अर्जदार हिनर्क टीडेमान हा ब्रुकेनमोअर गावच्या अश्वारोहण मंडळात मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. गावातले निम्मे लोक त्याच्याकडे शिकले आणि आता त्यांची मुले शिकतात. ती त्याला टीडेआजोबा म्हणतात. रोझिने ही मंडळाची शिकवणीची तपकिरी घोडी. ती तरुणपणी आली ती आजतागायत अर्जदाराच्याच हाताखाली आहे. पुढे जे घडले ते या शेवटच्या वाक्यामुळे घडले, म्हणून समितीने ते कृपया ध्यानात ठेवावे.

२. स्पर्धेच्या दिवशी फेन्या व रोझिने रिंगणात होत्या. दुडकी चाल झाली, मोठे वर्तुळ झाले, दौड सुरू झाली. बघणारे सांगतात की फेन्याची पाठ ताठ होती, हात शांत होते आणि श्वास चालू होता. ही शेवटची गोष्ट मुले हमखास विसरतात. अर्जदार त्या वेळी रिंगणाला पाठ करून उभा होता, कारण तो बघत असला की फेन्याला दडपण येते. यंदा केकचे टेबल लिंडनच्या झाडाच्या सावलीसाठी रिंगणाच्या कडेला, चालींच्या जागा दाखवणाऱ्या पाट्यांपैकी अगदी ‘बी’ अक्षराच्या पाटीला लागून मांडले होते. ते तिथे कोणी मांडले याविषयी अर्जदारास काही म्हणायचे नाही. समितीला ठाऊक आहेच.

चार वर्षांची मीके भरलेला कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून, गर्दीतून अर्जदारापर्यंत आली. थेंबही सांडला नव्हता. अर्जदार तिला म्हणाला, “शाबास!”

रोझिने दौडता दौडता थांबली. मान लांब केली. रिंगणाच्या कडेची पांढरी फळी शांतपणे ओलांडून ती टेबलापाशी आली आणि टेबलक्लॉथवर हनुवटी ठेवून उभी राहिली. वरून फेन्या कळवळून म्हणत होती, “अगं बाई, आत्ता नाही! आत्ता नाही गं!” केक वाढणाऱ्या गेजीनेबाई म्हणाल्या, “हिला लोण्याचा देऊ की आलुबुखाराचा?” आणि परीक्षक श्रीमती हेल्मरिष यांनी परीक्षकांच्या टेबलामागून उठून विचारले, “कोण बोललं? बाहेरून कोण बोललं?”

जो बोलला त्याने हात वर करावा, ही अर्जदाराची मुलांना शिकवण आहे. सगळी मुले अर्जदाराकडे बघत होती. अर्जदाराने हात वर केला. समितीच्या कागदांत ‘कबुली’ म्हणून जी नोंद आहे, ती हीच.

३. आता कारण. अर्जदाराच्या शिकवणीत प्रत्येक धडा ‘शाबास’ने संपतो. मूल चुकले तर पुन्हा करायचे, जमले की शाबास. शाबास म्हटले की मूल लगाम सैल सोडते, घोडी मान लांब करून अर्जदाराकडे येते आणि अर्जदार तिला गाजर देतो. अर्जदाराची समजूत होती की तो मुलांचे कौतुक करत आहे. रोझिनेची समजूत होती की तिला सुट्टी मिळत आहे. इतकी वर्षे दोघांचेही उत्तम चालले होते.

४. घोडी रिंगणाबाहेर आली म्हणून स्पर्धेतून बाद करणे योग्यच होते. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘मदत’ या शब्दाबद्दल. जिच्यामुळे मुलीची चांगली चाललेली दौड मोडली, घोडी केकवर गेली आणि मुलगी सगळ्या गावासमोर रडवेली झाली, ती मदत असेल तर अर्जदारास ‘अडथळा’ कशाला म्हणतात हे समितीने कृपया लेखी कळवावे.

हा शेरा नावापुढे असेपर्यंत फेन्याला बिल्ला-परीक्षेस बसता येणार नाही, असे समितीचे पत्र सांगते. त्याहून वाईट ते शाळेत झाले. तिथे मुले म्हणाली, “फेन्याला काय, तिला आजोबा बाहेरून सांगतात!” तेव्हापासून ती रोज पागेत यायची, रोझिनेला खरारा करायची, खूर साफ करायची, आणि खोगीर घालायची वेळ आली की सायकल काढायची. अर्जदाराने विचारले तेव्हा म्हणाली, “मी बसून काय उपयोग आजोबा? सगळे म्हणणार, तुम्हीच चालवलीत.”

५. यावर अर्जदाराने जे उपाय केले ते समितीपुढे प्रामाणिकपणे मांडत आहे.

(अ) शब्द बदलून ‘ठीक’ म्हणून पाहिले. रोझिनेने तो आठवड्याच्या आत शिकून घेतला.

(आ) आमच्या गावाकडच्या जुन्या बोलीत कौतुक करून पाहिले. घोडी याच भागातली आहे. तिला समजले.

(इ) अर्जदाराची पत्नी आल्मा हिने घोडीसाठी लोकरीची कानटोपी विणली. ती रोझिनेला फार शोभते. ऐकू पूर्वीइतकेच येते.

(ई) ‘शाबास’ दुसऱ्याच्या तोंडून आले तर घोडी दुर्लक्ष करेल, असे वाटून चर्चच्या पाद्रीबाबांना विनंती केली. त्यांचा आवाज भरदार आहे. रोझिने सरळ त्यांच्याकडे गेली. त्यांच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या आणि ते मनाने मऊ आहेत. आता कुरणाशेजारून अंत्ययात्रा निघाली की रोझिने कुंपणाच्या कडेने शेवटपर्यंत सोबत करते. पाद्रीबाबांचे म्हणणे आहे की लोकांना ते आवडते, पण हे थांबले तर बरे.

(उ) शेवटी एकच उपाय उरला. अर्जदाराने बोलणे बंद केले.

६. हा उपाय समिती समजते त्याहून अवघड आहे. ज्याने सारा जन्म ‘टाचा खाली, नजर वर’ असे सांगण्यात घालवला, त्याने रिंगणाच्या मध्यभागी गळपट्टा तोंडात धरून उभे राहायचे. पहिल्या दिवशी मुले आपसांत म्हणाली, “आजोबांचे दात दुखतायत का रे?” “नाही, आजीशी भांडण झालंय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. ती इतकी कडक शिकवतात की अर्जदारास स्वतःबद्दल जरा विचार करावा लागला.

फेन्या फळीवर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने कोणाला न विचारता खोगीर घातले. अर्जदार गप्प होता, त्यामुळे ‘तुम्हीच चालवलीत’ म्हणायला कोणाला जागा नव्हती. वळणाआधी ती ताठ झाली, लगामावर क्षणभर बोटे मिटली, पुन्हा सोडली. हे अर्जदार तिला दोन वर्षे ओरडून सांगत होता. त्या दिवशी कोणी सांगितले नाही आणि तिने केले.

आणि मग रोझिनेचा कान. शिकवणीच्या घोड्याचा एक कान नेहमी शिकवणाऱ्याकडे असतो. रोझिनेचा डावा कान कित्येक वर्षे अर्जदाराकडे रोखलेला होता. अर्जदार मैदानात कुठेही गेला तरी तो मागोमाग फिरायचा. त्या दिवशी वर्तुळाच्या मध्यावर तो कान हलला, जरा घोटाळला, आणि मागे वळला. फेन्याकडे. तिथेच राहिला.

अर्जदारास अतिशय आनंद झाला. थोडे वाईटही वाटले. या दोन्ही गोष्टी परीक्षेच्या नियमांत बसत नसल्या, तरी नोंदवून ठेवत आहे.

७. खात्री करण्यासाठी गेल्या रविवारी अर्जदाराने फेन्याला आधी न सांगता, ती दौडीत असताना कुंपणाआडून मोठ्याने ‘शाबास’ म्हटले. हातात गाजर होते. गेजीनेबाई लोण्याच्या केकचे ताट घेऊन ‘बी’ अक्षरापाशी उभ्या होत्या, कसोटीत कसूर राहू नये म्हणून. रोझिनेचे पाऊल अडखळले. फेन्या खोगिरात खोल बसली, पाय मिटले आणि म्हणाली, “काही नाही गं, ते आपल्याला नाही म्हणाले.” घोडी पुढे गेली. गाजर अर्जदाराच्या हातातच राहिले. ते त्याने स्वतः खाल्ले.

८. तरी समितीस नम्र विनंती की :
फेन्या लुबर्स हिच्या नावापुढील शेरा काढून तिला परीक्षेस बसू द्यावे. तो कुठेतरी लिहिलेला असणे आवश्यकच असेल, तर अर्जदाराच्या नावापुढे लिहावा. तिथे पुष्कळ जागा आहे आणि अर्जदाराला आता कुठली परीक्षा द्यायची नाही. समितीस शंका असेल तर परीक्षेच्या दिवशी रिंगणाच्या चारही बाजूंना माणसे उभी करून त्यांना वाटेल तेव्हा ‘शाबास’ ओरडू द्यावे. पाद्रीबाबा तयार आहेत. गोळ्या घरी ठेवून येतील.

अर्जदाराने त्या दिवशी घरी थांबावे, अशी सूचना समितीने केली आहे. अर्जदार थांबलाही असता. परंतु फेन्याने सांगितले, “तुम्ही यायचं. पण बोलायचं नाही. मी हात वर केला की मगच.” म्हणून शेवटची विनंती ही, की परीक्षा संपून, घोडी रिंगणाबाहेर पडून, मुलगी खाली उतरल्यावर, आणि तिने हात वर केला तरच, अर्जदारास एक शब्द बोलण्याची परवानगी असावी. कोणता शब्द, हे समितीस वेगळे कळवण्याची गरज नसावी. रोझिनेसाठी त्या वेळी गाजर वेगळे आणले जाईल.

परवानगीच्या प्रतीक्षेत, आणि तोवर तोंड मिटून,
आपला नम्र,
हिनर्क टीडेमान
ब्रुकेनमोअर, दि. २ सप्टेंबर

सोबत :
१. गेजीनेबाईंचे निवेदन, की घोडीने स्पर्धेच्या दिवशी केक मागितला नाही, त्यांनीच विचारले.
२. पाद्रीबाबांचे पत्र.
३. फेन्या लुबर्स हिच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी, जशी दिली तशी : “रोझिनेला मीच चालवते. आजोबांना शाबास म्हणू द्या, नाहीतर ते फुटतील.”