भागवतचा तारा

६ जानेवारी
किनवटच्या टेकडीवर पोचले एकदाची! लातूरच्या शिकवणीवर्गात चार वर्षं घसा कोरडा केला, आता खरं काम. खोली लहान, पण खिडकीतून सागाचं रान दिसतं. वेधशाळेचे प्रमुख शेषेराव सर, त्यांनी स्वतः चहा केला. मला दिलेला तारा शर्मिष्ठा तारकासमूहातला. निळा, तापलेला, स्वतःभोवती इतका गरगरणारा की कमरेतून वायू उधळतो, आणि त्या वायूचं कडं त्याच्याभोवती चकाकत राहतं. तारा धडधडतोही. दोन स्पंदनं, जरा वेगळ्या लयींची. दर ८३ दिवसांनी ती जुळतात आणि उधळण होते ती तेव्हाच. हा शोध सरांचा. मी जुन्या नोंदी तपासायच्या.

९ जानेवारी
दुपारी बंद घुमटातून ठोके आले. पहारेकरी दगडोबामामा म्हणाले, पत्रा उन्हानं तडकून राहिलाय. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

१३ जानेवारी
संताप. नुसता संताप! कपाटामागे वही सापडली. ८३ दिवसांचं सगळं गणित तिच्यात आहे, चुका खोडून पुन्हा केलेलं. अक्षर माझ्याआधीच्या सहायकाचं, भागवतचं. सरांच्या छापील निबंधात त्याचं नाव तळटीपेतसुद्धा नाही. विचारलं तर हसले. म्हणे, दिवाळीनंतर पळून गेला, पळपुट्यांची नावं कोण छापतं?
संध्याकाळी त्याची आई आली, लोह्याहून. चतुराबाई. 'पोरगा न सांगता कुठं जात न्हाई, बाई.' सरांनी तिला फाटकातूनच हाकललं. पाणी मी नेऊन दिलं.

१६ जानेवारी
ठोके घुमटातून नाहीत, दुर्बिणीच्या चौथऱ्याखालून आहेत. तिथलं सिमेंट नवं आहे.
मामांना धरलं. रडले. वहीवरून भांडण झालं, सरांनी ढकललं, भागवत चौथऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडला. सरांनी रुग्णवाहिका नाही, सिमेंट मागवलं. 'जिता होता, बाई. हाका मारून राहिला होता.'
आणि मामा गप्प बसले. नोकरीसाठी! त्यांच्या हातचा चहा मी ओतून दिला.

१७ जानेवारी
पोलिसांना कळवलं. उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाले. चतुराबाईंना बोलावून घेतलं. सर लातूरला व्याख्यान देतायत — त्याच शोधावर! लाज नाही.
ठोके आता दोन लयींत. एक संथ, एक घाईचा. जवळ येतायत —

१८ जानेवारी, सकाळ
चतुराबाईंनी चौथऱ्याला कान लावला. 'भागवता, हाईस का रं?'
ठोके थांबले. मग एक. एकच.
मी पहार घेतली. मामांनी भिऊन सरांना फोन केलाय — त्यांची गाडी घाटात आलीय —

दुपार
लिहिलंच पाहिजे. कुणी विचारलं तर —
सर आत आले, ओरडत. शोध माझा, म्हणाले. तेव्हा दोन्ही ठोके जुळले.
सिमेंट आतून फुटलं. माझी पहार भिंतीशी होती. एक हात वर आला, पांढरा, चुन्यानं भरलेला — सरांचा घोटा धरला — ओढत नेलं, हळूहळू.
कमरेपर्यंत गेले होते. शिवकन्या, शिवकन्या, हात दे, मला म्हणत होते.
चतुराबाई जागच्या हलल्या नाहीत.
सरांचा हात माझ्या पायाशी होता. वाकले असते तर — मी वाकले नाही. मी त्यांच्या बोटांवर पाय —