कोकण, ९ मे, पहाटे पाच

२ फेब्रुवारी १९९८, सोमवार
नवी डायरी. सुवर्णाने दिली. जावयाच्या सातपूरच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली बेअरिंगची जाहिरात. चालेल. शाळेत सिस्टर आग्नेस म्हणायच्या, रोज लिही, थोडं लिही, खरं लिही. तिन्ही पाळणार.

निश्चय: या मे महिन्यात कोकण. आम्ही दोघंच. आमच्या जुन्या फियाटने. गाडी हे चालवणार. शनिवार ९ मे, पहाटे पाचला निघायचं. कसारा घाट, पनवेल, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. १९६६ साली लग्नानंतर ह्यांच्या मित्राची जीप मागून गेलो होतो, जवळजवळ तोच रस्ता.

ह्यांना सांगितलं. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, जाऊ की. फार आनंद झाला की माणूस असाच गप्प होतो.

११ फेब्रुवारी
हल्ली हे बोलताना मधेच थांबतात. काल चमचा हवा होता तर म्हणाले, ते दे, ढवळायचं. साहजिक आहे. अडतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मशीनच्या आवाजात काढली, तिथे गप्पा कुणाशी मारणार? रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी सवय सुटत नाही.

पण त्या जीपमध्ये काय बोलत होते! पाटी यायच्या आधी गावाचं नाव सांगायचे. मी म्हणायची, हरलात तर शहाळं तुमच्याकडून. एकदाही हरले नाहीत. मला सगळी शहाळी विकत घ्यावी लागली.

एकदा त्या रस्त्याला लागलं की शब्द परत येतील. ते तिथेच राहिलेत. सुवर्णाला हे सांगायचं नाही, हसेल.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
हे फिरून आले आणि दारातच दोन्ही हात वर करून उभे राहिले. मला आधी कळेना. मग आठवलं. प्रेसमधून सुटताना रोज गेटवर झडती व्हायची. साहेब असो नाही तर शिपाई, आतला कागदाचा कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये. मी हसत हसत झडती घेतली. वरचा खिसा, बाजूचे खिसे, कंबर. म्हटलं, जा. तेव्हा आत आले.

विनोदबुद्धी शाबूत आहे. कुसाबाई भांडी घासत होती, ती हसली नाही. तिला विनोद कळत नाहीत.

१ मार्च
रोज संध्याकाळी तोच विनोद. आता मी हसत नाही, पण झडती नीट घेते. घाईत घेतली तर हे हात खाली करत नाहीत.

यादी: थर्मास, छत्री, ओडोमॉस, चिवडा. द्राक्षं मेपर्यंत संपतील, म्हणून बेदाणे.

६ मार्च
गाडीच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या.

९ मार्च
किल्ल्या तुळशीच्या कुंडीत, मातीखाली. ह्यांना इतक्या जागा सुचतात म्हणजे डोकं तल्लख आहे. सुवर्णाला हे आवर्जून सांगणार.

१५ मार्च, रविवार
ट्रायल रन. ठरलं होतं त्र्यंबक रोडला जाऊन परत यायचं, वाटेत भजी. हे स्टिअरिंगवर बसले आणि दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. गिअर छान टाकले. नाशिक रोडच्या गर्दीतून गाडी अशी काढली की मी मनात टाळ्या वाजवल्या.

मग गाडी प्रेसच्या गेटसमोर थांबली. इंजिन बंद केलं. गेट उघडायची वाट बघत बसले. मी म्हटलं, अहो, त्र्यंबक. म्हणाले, उशीर झालाय. आणि उतरून गेटपाशी हात वर करून उभे राहिले.

गेटवर सहादू होता. किती वर्षं ह्यांची झडती त्यानेच घेतली असेल. तो पुढे आला आणि त्याने रीतसर सगळे खिसे चापपले. म्हणाला, चला साहेब, झालं. आज सुट्टी हाय, घरी जा. मला हळूच म्हणाला, वहिनी, गाडी मी घालू का घरापर्यंत? मी म्हटलं, कशाला, साहेब आहेत ना. तरी तो ड्युटी दुसऱ्यावर सोपवून आला आणि गाडी त्यानेच चालवली. हे मागे बसले.

जुन्या माणसाची कदर करणारे लोक अजून आहेत.
निष्कर्ष: गाडी उत्तम. भजी राहिली.

२९ मार्च
कुसाबाईला कोकणाचं सांगितलं. म्हणाली, बाई, तिकडं मानूस बसल्या जागी भिजतं घामानं, अन् तुम्ही हौसेनं चालल्या? मग फरशी पुसता पुसता म्हणाली, माझा सासरा असाच करायचा. लय हुशार मानूस, पन शेवटी सोताचं वावर ओळखू येईना त्याला. बांधावर बसून इचारायचा, हे कोनाचं हाय?

सासरा कधी शाळेत गेला नव्हता. तुलनाच नको. तिला उद्यापासून फरशी पुसताना बोलू नकोस असं सांगणार.

५ एप्रिल, रविवार
सुवर्णा आली होती. नकाशा दाखवला. मी लाल पेन्सिलने रस्ता काढलाय, मुक्कामांना हिरवे गोल. ती म्हणाली, आई, ड्रायव्हर घे. मी म्हटलं, मग आम्ही दोघंच कसे? ती म्हणाली, बाबांना आधी कुणाला तरी दाखवू या का? मी म्हटलं, काय दाखवायचं, सर्दी नाही, पडसं नाही. तर फटकन म्हणाली, आई, ही ट्रिप आहे की बाबांची परीक्षा?

हे शेजारीच बसून नकाशाच्या कडेवरून बोट फिरवत होते. कुठल्याही गावावर बोट थांबलं नाही.

सुवर्णा लहानपणी गाडीत उलट्या करायची. तिला प्रवासातलं काय कळणार.

रात्री नकाशावरचा लाल रस्ता पुन्हा एकदा गिरवला.

१८ एप्रिल, शनिवार
हे सकाळी न सांगता बाहेर गेले. दोन तास. मी तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. शेवटी रिक्षातून उतरले. म्हटलं, कुठे होतात? म्हणाले, काम होतं. आणखी विचारलं तर नुसते हसले. किती दिवसांनी असे हसले.

नक्की सरप्राइज आहे. मुरूडच्या खोलीचं बुकिंग असणार. तळहातावर निळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. गुपित फुटू नये म्हणून मी वाचलं नाही. आंघोळीआधी डोळे मिटूनच साबणाने घासून काढलं.

२२ एप्रिल
ह्यांचं लायसन्स ३० तारखेला संपतंय. त्याच दिवशी साठ पूर्ण. रिन्यूअलला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. फॉर्म आणला. ही काय, फॉर्मॅलिटी.

तरी थोडी तयारी करून घेतली. कॅलेंडरच्या मागे मोठी अक्षरं काढून भिंतीला लावली. दृष्टी एकदम चांगली, सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. मग म्हटलं, डॉक्टर विचारतील, आज वार कुठला? हे म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, बुधवार. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. म्हणाले, तू सांगितलास तोच.

बरोबरच आहे की उत्तर.

२७ एप्रिल, सोमवार, रात्री आठ
खरं लिहायचं ठरलं होतं. लिहिते.

डॉक्टरांकडे गेलो. वीस वर्षं हेच आमचे डॉक्टर, सुवर्णाच्या गोवरापासूनचे. फॉर्म टेबलावर ठेवून मीच बोलत होते. रस्ता, मुक्काम, गाडीची सर्व्हिसिंग. त्यांनी पेन उचललं नाही. कंपाउंडरला म्हणाले, साहेबांचं वजन घे. हे बाहेर गेले तेव्हा म्हणाले, वहिनी, बसा. मी बसलेलीच होते.

म्हणाले, अठरा तारखेच्या शनिवारी हे एकटे आले होते. वाट चुकू नये म्हणून माझ्या दवाखान्याचा पत्ता हातावर लिहून. दारात येऊन तो हातच पुढे केला. मग माझ्यासमोर बसून म्हणाले, डॉक्टर, मला मधेच काही कळेनासं होतं. घाटात पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे ते मला नाही कळायचं. ही शेजारी बसलेली असेल. पण हिने इतक्या वर्षांनी काहीतरी मागितलंय. माझ्याने हिला नाही म्हणवत नाही. तुम्ही नाही म्हणा.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? डॉक्टर म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?

बाहेर हे वजनकाट्यावर उभे होते. कंपाउंडर उतरा म्हणत होता. ह्यांनी दोन्ही हात वर केले होते. मी जाऊन त्यांचे खिसे तपासले, सगळे, सावकाश. मग हे उतरले.

फॉर्म दवाखान्यातच राहिला. डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिलीय, मोठ्या डॉक्टरांच्या नावाची. सुवर्णाला फोन केला. ती म्हणाली, चिठ्ठी नीट ठेव. मी सांगत होते ना, असं म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

३० एप्रिल
ह्यांचा वाढदिवस. शिरा केला. कुसाबाईने झेंडूचा हार आणला, मखमलाबादच्या मळ्यातून. म्हणाली, साहेब, शंभर वर्सं जगा. हे तिला म्हणाले, थँक यू, मॅडम.

मला आज नावाने हाक मारली. दोनदा. लिहून ठेवते.

९ मे, शनिवार
पहाटे ४.१०. गजर लावला नव्हता, तरी जाग आली. बघते तर हे पलंगावर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. बटणं एक घर सोडून लावलेली. म्हणाले, किती वाजता निघायचं?

डॉक्टरांशी काय बोलले ते ह्यांना आठवत नाही. भीतीही आठवत नाही. फक्त कोकण आठवतंय, ते मी तीन महिने रोज सांगितलं म्हणून. चेहरा जीपमधला.

मी म्हटलं, पाचला. बटणं नीट लावून दिली.

५.०५. पुन्हा विचारलं. म्हटलं, थोडं उजाडू द्या.

५.४०. बूट घालून दारात. किती वाजता निघायचं? समोर बसले आणि म्हटलं, आपण जाणार नाही. का, म्हणाले. काय सांगू? म्हटलं, मला घाटाची भीती वाटते हल्ली. मला नाही जमायचं.

हे माझ्याजवळ येऊन बसले. पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, एवढंच ना? मग आधी सांगायचंस. मी काय रागावलो असतो? पूर्ण वाक्यं बोलले, एकाही शब्दाला अडखळले नाहीत.

मग म्हणाले, चहा टाक. टाकला.

६.१५. चहा झाला. कपबशी नीट बाजूला ठेवली, रुमालाने तोंड पुसलं आणि विचारलं, किती वाजता निघायचं?